बंद न पडलेला पंप

पंपखान्यातल्या तीन नंबरच्या पंपाला एका मंगळवारी दुपारी काहीही झाले नाही. तिच्या नोकरीवरचे संकट तिथून सुरू झाले.

ती वर्षभरापूर्वी कारखान्यात लागलेली मेकॅनिकल इंजिनिअर. कायम होईपर्यंत ओळखपत्रावर नाव छापायचे नाही, असा तिथला नियम होता. त्यामुळे तिच्या गळ्यात ‘प्रशिक्षणार्थी ४’ लटकत असे. त्या मंगळवारी तिने लांब स्क्रूड्रायव्हरचे टोक पंपाला टेकवले आणि मूठ कानाला लावली. आत बेअरिंग कुरकुरत होते. शेजारी फिटरकाका उभे होते. त्यांचा जन्म या कामात गेलेला. त्यांनीही ऐकले.

“आठवडा काढेल,” ते म्हणाले. “फार तर.”

जेवणाच्या सुट्टीत दोघांनी राखीव पंप चालू करून बेअरिंग बदलले. सुट्टी संपायच्या आत जेवणही उरकले. कारखान्याला पत्ताच लागला नाही.

वर्षअखेरीस कायम होण्यासाठी ‘कर्तृत्व नोंद प्रपत्र’ भरायचे होते. रकाना चार: यंत्र बंद पडून काम किती तास अडले? तिने प्रामाणिकपणे शून्य लिहिले.

गौरव विभागातल्या बाईंनी चष्मा पुसून पुन्हा पाहिले. “शून्य म्हणजे?”

“पंप बंद पडलाच नाही.”

“मग तुम्ही केलंत काय?”

“बंद पडू दिला नाही.”

बाई समजूतदार होत्या. “हे बघा, पंप माझ्या कारकिर्दीतही बंद पडला नाही. मी कधी अर्ज केला का?”

तिच्याबरोबर एकाच दिवशी लागलेला ‘प्रशिक्षणार्थी ५’ मात्र लगेच कायम झाला. त्याचा कॉम्प्रेसर सलग तीन दिवस बंद होता आणि त्यातले दोन दिवस हा त्याच्या पोटात डोके घालून बसला होता. काजळीने माखलेल्या चेहऱ्याचा त्याचा फोटो प्रवेशद्वाराशी लागला. खाली नाव, ठळक अक्षरांत.

“पण तो बिघडला कशाने रे?” तिने विचारले.

“मी तेल बघायचं विसरलो होतो,” तो मोकळेपणाने म्हणाला. मनाने निर्मळ मुलगा. “पण तसा रकानाच नाही ना प्रपत्रात!”

घरी आईनेही धसका घेतला. “शेजारच्या काकू रोज विचारतात, कायम झाली का म्हणून. काय सांगू त्यांना? मुलगी इंजिनिअर आहे, पण तिच्या हातून काही बिघडत नाही?”

प्रकरण विभागप्रमुखांकडे गेले. साहेब मायाळू होते. नव्या मुलांच्या विकासाकडे त्यांचे बारीक लक्ष असे. “अगं, सुरुवातीच्या काळात माणसानं एखादा तरी बिघाड जोपासावा,” ते म्हणाले. “तू सगळे लहानपणीच मारून टाकतेस. करिअर वाढणार कसं?”

साहेबांनी वर लिहिले, वरच्यांनी त्याहून वर लिहिले, आणि ‘बिघाड साहाय्य योजना’ जाहीर झाली. स्वबळावर बिघाड न जमणाऱ्या होतकरू अभियंत्यांना तिच्या अन्वये एक यंत्र आणि तीन आठवड्यांची मुदत मिळणार होती. पहिली लाभार्थी तीच. तिच्या नावे, म्हणजे क्रमांकाने, तीन नंबरचा पंप देण्यात आला. तिचा स्क्रूड्रायव्हर पावती देऊन भांडारात जमा करून घेण्यात आला, आणि पंपाजवळ कान नेण्यास लेखी मनाई झाली.

तीन आठवडे तिने पंपाकडे नुसते पाहिले. पंप चालत राहिला. बेअरिंग नवे होते; त्याला योजनेची कल्पना नव्हती.

शेवटच्या दिवशी गौरव समिती पंपखान्यात आली. सोबत फोटोग्राफर होता. ऐन वेळी खोळंबा नको म्हणून त्याने काजळी डबीत भरून आणली होती. अर्धा तास सगळे उभे राहिले. पंप गुणगुणत होता. शेवटी अध्यक्षांनी घड्याळ पाहिले.

“असं करा, तुम्हीच लाल बटण दाबा. तासभर बंद राहिला तरी पुरे. प्रपत्रात ‘एक किंवा अधिक’ असंच आहे.”

फोटोग्राफरने तिच्या गालाला काजळी फासली. तिला नवे ओळखपत्र दिसले, त्यावर छापलेले नाव दिसले, आई दिसली. बटणावर बोट ठेवून ती बराच वेळ थांबली. मग दाबले.

पंप थांबला. तेवढ्यात शेजारचा राखीव पंप आपसूक सुरू झाला. दाबाचा काटा किंचित थरथरला आणि जागेवर आला. कारखान्याला याही वेळी पत्ता लागला नाही.

“हा कुणी चालू केला?” अध्यक्ष दचकले.

“आपोआप होतो, सर. पाण्याचा दाब उतरला की.”

“पूर्वी होत नव्हता!”

“योजना यायच्या आधी मी दुरुस्त करून ठेवला.”

“अहो, पण कशाला?”

“पाणी बंद पडू नये म्हणून,” ती ओशाळून म्हणाली.

अध्यक्षांनी हताशपणे पेन उघडले. रकाना चार: शून्य. खाली शेरा मारला: ‘पुरेशी संधी, मुदत व काजळी पुरवूनही उमेदवारास बिघाड साधता आला नाही.’ प्रशिक्षण आणखी एक वर्ष वाढले.

फिटरकाका त्याच संध्याकाळी निवृत्त व्हायचे होते. जाता जाता त्यांनी आपला स्क्रूड्रायव्हर तिच्या हातात दिला. त्याची मूठ कानाला लागून लागून गुळगुळीत झाली होती.

“माझ्यामागं इथं ऐकणार कोण, ही एकच काळजी होती,” ते म्हणाले. “ती मिटली बघ, पोरी.”

गालावरची काजळी पुसायचे विसरून ती हसत घरी गेली. दुसऱ्या दिवशी चार नंबरच्या पंपाला कान लावून उभी होती.

ओळखपत्रावर अजून ‘प्रशिक्षणार्थी ४’ च आहे. समितीला तरी काय बोल लावायचा? आता तुमचेच पाहा. गोष्ट शेवटपर्यंत वाचलीत, आणि तिचे नाव काय, हे एकदाही विचारले नाहीत. साहजिक आहे. तुमचे कुठे काही अडलेच नाही.