हरणटेकडीवर कोल्हेकुई नाही

एका जंगलात एक कोल्हा आणि एक कोल्हीण राहत होती. कुठल्या जंगलात, असं विचारू नका मुलांनो. नाव सांगितलं की तुमचे आईवडील लगेच तिथल्या जागेचे भाव विचारायला लागतील.

कोल्ह्याचं नाव भुरोजी, कोल्हिणीचं साळू. त्यांना दोन पिल्लं होती. थोरली पिंगी, आणि धाकटा ढब्या, जो अजून आईच्या दुधावर होता. बोरीच्या ओढ्याकाठी त्यांचं बीळ होतं. शेजारीपाजारी सगळे कोल्हेच.

ओढ्याकाठी एक रीत होती. रोज तिन्हीसांजेला कोणीतरी तोंड वर करून कुई करायचा. मग दुसरा साथ द्यायचा, मग तिसरा. कोण कुठे आहे ते त्यावरून कळायचं. एखादं पिल्लू भरकटलं असलं तर तेही लांबून कुई करायचं, आणि आई जाऊन त्याला मानगुटीला धरून घरी आणायची. लोक याला कोल्हेकुई म्हणून नाकं मुरडतात. मुरडोत बापडे. त्या ओढ्याकाठी कधी कुणाचं पिल्लू हरवलं नव्हतं.

पण भुरोजीला नोकरी लागली. सिंहमहाराजांच्या गुहेबाहेर बसायचं आणि येणाऱ्याजाणाऱ्याला 'महाराज विश्रांती घेत आहेत' असं सांगायचं. काम सोपं होतं, कारण ते नेहमी खरंच असायचं. गुहा मात्र ओढ्यापासून लांब होती. बिऱ्हाड हलवणं भाग होतं.

"गुहेजवळच एखादं बीळ बघू या," साळू म्हणाली.

"बीळ?" भुरोजी हसला. "अगं, आता कोणी आधी बीळ बघत नाही. आधी शाळा बघायची. मग शाळेजवळ मिळेल ते बीळ घ्यायचं. दरबारात सगळे असंच करतात."

पिल्लांना पाठीशी घेऊन दोघं निघाली.

आधी रानडुकरांचा मळा लागला. जमीन भुसभुशीत, उंदीर मुबलक, पाणी हाकेच्या अंतरावर. डुकरांची पिल्लं चिखलात लोळत होती, एकमेकांच्या अंगावर उड्या मारत होती. पिंगी धावत जाऊन त्यांच्यात मिसळली.

"इथली मुलं खेळतात," भुरोजी खिन्नपणे म्हणाला. "म्हणजे शाळेत काही दम नाही." आणि पिंगीला बाहेर ओढून तिचे पाय पुसले.

पुढे माकडांची आमराई होती. एक वानरीण सरसर खाली उतरली. तिनं नाव-गाव काही विचारलं नाही. ढब्याला कडेवर घेतलं आणि म्हणाली, "दमून आलात. बसा घटकाभर. पोरांना काय देऊ खायला?"

साळूचे डोळे भरून आले. नव्या मुलखात कोणी असं बोललं की येतात. पण भुरोजीनं तिला झाडाआड नेलं. "ओळख ना पाळख, आणि थेट खायला? अशा वस्तीत मुलं वाढवायची? आणि इथे कोणाला नोकरी तरी आहे का?"

मग आली हरणटेकडी.

काय सांगू मुलांनो! गवत कसं भांग पाडल्यासारखं. पाऊलवाटा स्वच्छ. कोणी मोठ्यानं बोलत नव्हतं. कोणी कोणाच्या दारात उभं नव्हतं. टेकडीच्या माथ्यावर 'सुवर्णमृग विद्यामंदिर' होतं. त्या नावाला भुलून पूर्वी काय झालं होतं, ते भुरोजीला कोणी सांगितलेलं नसावं. नाहीतर सांगूनही उपयोग झालेला नसावा.

वस्तीचे अध्यक्ष होते काळवीटराव. त्यांची शिंगं फार सुरेख होती आणि ती दिसावीत म्हणून ते मान वाकडी करून बोलत.

"तुमच्यात खातात का?" त्यांनी विचारलं.

मुलांनो, 'काय खातात' असं विचारायचं नसतं. नुसतं 'खातात का' असं विचारायचं. ज्याला कळायचं त्याला बरोबर कळतं.

"छे छे!" भुरोजी म्हणाला. "मुलांना तर वाससुद्धा सहन होत नाही."

साळू जमिनीकडे बघत राहिली. तिच्या पोटात कालचा ससा होता.

"तुम्ही महाराजांच्या ओळखीतले, म्हणून विचार करतोय," काळवीटराव म्हणाले. "नाहीतर आम्ही तुमच्या लोकांना घेत नाही. गैरसमज नको. एक अट मात्र पक्की आहे. इथे संध्याकाळी ते तुमचं गाणंबिणं चालणार नाही."

"आम्ही ते कधीच सोडलंय," भुरोजी म्हणाला. आदल्याच संध्याकाळी त्यानं सगळ्यांपेक्षा वरचा सूर लावला होता.

शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या नीलगाय मॅडम. मुलाखत पिंगीची होती, म्हणून त्यांनी सगळे प्रश्न आईवडिलांना विचारले.

"मुलीचा विशेष गुण?"

साळू खुलली. "मॅडम, या टेकडीवरून तिनं एकदा कुई केली ना, की पार तिसऱ्या टेकडीपर्यंत..."

भुरोजीला जोरात खोकला आला. "फार शांत आहे, असं म्हणायचंय तिला."

प्रवेश मिळाला. पिंगी या नावाचं पिंगाक्षी झालं. शेपूट पायांत घालून चालायचं ठरलं. भुरोजी बाहेरच, गुहेमागे, जेवून येऊ लागला. साळू अंधार पडल्यावर टेकडीखाली जाऊन बेडकांवर भागवायची आणि तोंड धुऊन वर यायची. पिंगी डब्यात गवत नेऊ लागली. ती वाळत चालली, पण मॅडम म्हणाल्या की ती सडपातळ होते आहे.

शाळेत पहिला धडा आवाज न करण्याचा होता. गवतात दबून बसायचं, हूं की चूं करायचं नाही. दुसरा धडा त्याहून महत्त्वाचा. लांबून कोणी ओरडलं की त्या आवाजाकडे पाठ करायची आणि उलट दिशेनं चालू लागायचं.

हरणांचं बरोबरच होतं म्हणा. हरणाचं पिल्लू ओरडलं की बिबट्या येतो. कोल्ह्याचं पिल्लू ओरडलं की आई येते. पण शाळेत अभ्यासक्रम सगळ्यांना एकच होता, आणि त्याचंच सगळ्यांना कौतुक होतं.

पिंगी हुशार होती. हरणांच्या पाडसांनाही जमेना इतकं तिला जमलं. स्नेहसंमेलनात तिला 'शांतशिरोमणी' म्हणून रानजाईची माळ मिळाली. भुरोजीच्या डोळ्यांत पाणी आलं. ते मात्र त्यानं कोणाला दिसू दिलं नाही, कारण टेकडीवर तेही कोणी करत नसे.

एकदा ओढ्यावरून भुरोजीची बहीण, केसरआत्या, भाचरांना भेटायला आली. संध्याकाळ झाली. बिचारीला सवय. बिळाच्या तोंडाशी बसली, मान वर केली आणि सुरू झाली. आजूबाजूच्या जाळ्यांमधून माना बाहेर आल्या.

"आत्या, शी!" पिंगी म्हणाली. "असं गावंढळ लोक ओरडतात." आणि शाळेत शिकवल्याप्रमाणे तिनं पाठ केली आणि ती बिळाच्या मागच्या तोंडानं चालती झाली.

भुरोजीनं आत्याला आत ओढलं. "केसर, तुला काही पोच आहे की नाही? इथे आम्हांला मान आहे."

"मान आहे, पण आवाज कुठं गेला रे तुमचा?" आत्या म्हणाली. ती पहाटेच निघाली. जाताना साळूला एवढंच म्हणाली, "पोरीला एकदा तरी तोंड वर करायला लाव गं. न वापरल्यानं घसा बसतो."

साळू हो म्हणाली. पण दुसऱ्या दिवशी पिंगीची परीक्षा होती. मग रविवारी काळवीटरावांकडे हळदीकुंकू होतं. राहून गेलं.

पावसाळा सरला आणि शाळेची सहल निघाली, पलीकडच्या दरीतल्या कोवळ्या गवतावर. दुपारी कुठेतरी पाचोळा वाजला. झालं! हरणं ती हरणं. एक शेपूट वर झालं आणि सगळा वर्ग मॅडमसकट वाऱ्यावर स्वार झाला. पिंगीचे पाय आखूड. ती मागे पडली, मग झुडपात शिरली, आणि बाहेर आली तेव्हा दरीत कोणी नव्हतं.

सूर्य कलता कलता वर्ग टेकडीवर पोचला. "सहल शिस्तीत पार पडली," मॅडम म्हणाल्या. "एक मूल मागे राहिलंय. पण काळजी करू नका, ती रडणार नाही. आमची मुलं रडत नाहीत."

साळू आणि भुरोजी ढब्याला घेऊन टेकडीच्या कडेला धावली. समोर दऱ्याच दऱ्या होत्या. कोणत्या दरीत शोधायचं? साळूनं मान वर केली.

"थांब!" भुरोजी तिच्या कानाशी पुटपुटला. "मागे काळवीटराव शतपावली करतायत. सगळ्यांना कळेल."

"काय कळेल?"

"की आपण कोल्हे आहोत."

साळूनं तोंड मिटलं. हो मुलांनो, मिटलं! माझा तिच्यावर जीव होता, पण त्या क्षणी तिच्या दोन मुस्कटात द्याव्यात असं वाटलं. दोघं काठाकाठानं फिरत 'शुक शुक' करत राहिली. पोटची पोर दरीत, आणि आईबाप शुक शुक करतात! काळवीटराव शतपावली संपवेपर्यंत ते चाललं. अंधारून आलं. समोरची झाडं दिसेनाशी झाली.

तेव्हा मात्र साळूला राहवलं नाही. तिनं मान वर केली आणि कुई केली. इतके दिवस दाबून ठेवलेला आवाज होता, तो फाटला, चिरकला, पण निघाला. आईच्या पोटाशी बसलेल्या ढब्यानंही तोंड वर केलं आणि आपली चिमुकली कुई तिच्यात मिसळली. त्याचा अजून शाळेत प्रवेश झाला नव्हता, म्हणून त्याला येत होतं. लांब ओढ्याकाठी केसरआत्यानं ती ओळखली. तिनं साथ दिली. मग ओढ्यावरचा एकेक कोल्हा उठला. भुरोजीही, शेवटी, खाली मान घालून का होईना, ओरडला. सगळं रान पिंगीला हाक मारत होतं.

पिंगी फार लांब नव्हती. पुढच्याच दरीत करवंदीच्या जाळीत दबून बसली होती. ती घाबरली होती, पण हूं की चूं केलं नव्हतं. तिला आवाज स्पष्ट ऐकू आला. तिचे कान ताठ झाले. घसा आतल्या आत हलला.

मग तिला आठवलं की ती शांतशिरोमणी आहे. ती उठली. शेपूट पायांत घातलं, त्या आवाजाकडे व्यवस्थित पाठ केली आणि उलट दिशेनं चालू लागली. आईचा आवाज जितका वाढला, तितकी ती भरभर चालली. त्या दिशेला बिबट्याची कपार होती.

पिंगी परत आली नाही.

सकाळी काळवीटराव आले. झाल्या प्रकाराबद्दल वस्तीला फार वाईट वाटलं आहे, असं ते म्हणाले. झाला प्रकार म्हणजे कालचा आरडाओरडा. जागा आजच्या आज रिकामी करावी लागेल. मॅडमही आल्या. "खरा संस्कार संकटात कळतो," त्या गहिवरून म्हणाल्या. "भोवती एवढा गोंगाट असूनही मुलगी ढळली नाही. शाळेच्या दारातल्या दगडावर आम्ही तिचं नाव कोरणार आहोत."

भुरोजी सवयीनं "आभारी आहोत" असं म्हणाला.

साळूनं कोणाकडे पाहिलं नाही. तिनं ढब्याला मानगुटीला धरलं आणि ती ओढ्याच्या वाटेनं उतरू लागली.

टेकडीच्या पायथ्याशी तिला गर्दी लागली. तरस होते, खोकडं होती, मुंगसं होती, आणि बरेचसे कोल्हे होते. प्रत्येकाच्या पाठीशी लहान पिल्लं होती.

"अहो ताई," त्यातली एक कोल्हीण लगबगीनं पुढे आली, "वर एक बीळ रिकामं झालंय म्हणे. शाळेच्या अगदी जवळ आहे ना हो?"

तात्पर्य : मुलांनो, शाळा घराजवळच असावी. मूल कितीही लांब गेलं तरी चालतं.