कोपरा धरा, वहिनी

संध्याकाळी दिवे एकदम मलूल झाले, तरी आमच्या ब्लॉकमध्ये कुणी घाबरत नसे. "सोपानरावांनी कुणाचा तरी कोपरा धरला," एवढं म्हणून बायका पुन्हा शेगडीकडे वळत. मग दोन-तीन भिंतींपलीकडून घरघर ऐकू यायची, पायाखालची फरशी थरथरायची, आणि थोड्या वेळानं दिवे होते तसे व्हायचे. घरघर थांबली म्हणजे भोक पडलं असं समजू नये. बहुतेक वेळा साहेब तापलेला असायचा.

साहेब म्हणजे सोपानरावांचं भोकं पाडायचं विजेचं यंत्र. देहूरोडला लष्कराच्या जुन्या सामानाचा लिलाव होत असे. तिथून ते कासारवाडीच्या करीमभाईंच्या भंगाराच्या दुकानात आलं आणि तिथून सोपानरावांच्या खांद्यावर. वजन चांगलं दोन वर्षांच्या पोराएवढं. ते घोंगडीत गुंडाळून, खांद्याशी धरून सोपानराव चालायचे, तेव्हा अनोळखी माणूस बाजूला होऊन वाट द्यायचा. यंत्राला साहेब का म्हणता, असं मी विचारलं होतं. ते म्हणाले, सगळे इंग्रज गेले, ह्यो एकटा मागं ऱ्हायला.

मी तेव्हा लग्न होऊन साताऱ्याहून पिंपरीला नुकती आले होते. स्वातंत्र्य येऊन सात-आठ वर्षं झाली असतील. शेतं मोडून कारखाने उठत होते आणि कारखान्यांच्या मागे आमच्यासारख्यांसाठी क्वार्टर्स. एक खोली, मागे स्वयंपाकघर, आणि कोऱ्या पांढऱ्या भिंती. त्या भिंतींना खिळा मारायचा नाही, असा कॉलनीचा नियम होता. आता ज्या भिंतीला खिळा नाही तिथे देव टांगायचा कुठे, सदरा अडकवायचा कुठे, हे नियम करणाऱ्याला कुणी विचारलं नव्हतं. आणि पिंपरीचे डास तर असे, की पहिल्या आठवड्यातच आमच्या ह्यांनी जाहीर केलं, मच्छरदाणी नाही लागली तर मी गावी परत जातो.

म्हणून सोपानराव येवले आमच्याकडे आले. कारखान्यात ते फिटर होते. मावळातल्या कुठल्याशा खेड्यातले, पंचेचाळिशीचे, किडकिडीत, आणि उजव्या हाताच्या बोटांवर कायम आयोडीन लावलेलं. त्यांनी खोलीत मधोमध उभं राहून चारही भिंतींकडे पाहिलं. मी एका भिंतीच्या मध्यावर बोट दाखवलं. त्यांना ते आवडलं नाही.

"मधी काय हाय?" ते म्हणाले. "मधी भित एकटी असती. कोपरा धरा, वहिनी. तितं दोगी एकमेकीला धरून असत्यात."

हे त्यांचं कायमचं म्हणणं. मच्छरदाणीला कोपरेच लागतात, तेव्हा आमचं काही अडलं नाही; पण सोपानराव कशालाही कोपराच धरायचे. आरसा असो, दिनदर्शिका असो, गणपती असो. आमच्या ब्लॉकमध्ये एकही तसबीर भिंतीच्या मध्यावर नव्हती. एका घरी तर रामपंचायतन आणि घरधन्याच्या वडिलांचा फोटो कोपऱ्याच्या दोन बाजूंना असे लागले होते, की दोघं एकमेकांशी काही बोलताहेत असं वाटायचं. एकदा कॉलनीची देखरेख करणारे अधिकारी तपासणीला आले. ह्या ब्लॉकमध्ये सगळं कोपऱ्यात का, असं त्यांनी विचारलं. मधे वारा लागतो, असं शेजारच्या काशीबाईंनी गंभीरपणे सांगितलं आणि ते ऐकून घेऊन निघून गेले. दिनदर्शिकेमागचं भोक त्यांना दिसलं नाही.

खरी अडचण अशी होती, की साहेबाचं पोट मोठं. कोपऱ्याजवळ भोक पाडायला गेलं की ते पोट शेजारच्या भिंतीला अडायचं. मग सोपानराव यंत्र तिरकं धरायचे. मागची वाटोळी ताटली छातीला लावून रेटायचे, बोटं भिंतीवर घासायची, सालटं निघायची. म्हणून ते आयोडीन. भोक पडलं की त्यात लाकडाची गुट्टी ठोकायची आणि गुट्टीत कडीचा स्क्रू पिळायचा. भोक तिरकं, म्हणून गुट्टी तिरकी, म्हणून कडीही तिरकी. कधी गिलाव्याचा थाळीएवढा पोपडा खाली यायचा. मग सोपानराव बराच वेळ त्या पोपड्याकडे बघत बसायचे. बांगडी फुटली तर बाई बघते तसे. दुसऱ्या दिवशी चुना-वाळू कालवून आणून मुकाट्यानं बुजवून जायचे.

मधे साहेब तापायचा. तापला की त्याला पाटावर ठेवायचं आणि घरातल्या कुणीतरी विंझण्यानं वारा घालायचा. माझ्या नवऱ्याला मी उभ्या आयुष्यात वारा घातला नाही, पण त्या लोखंडाला घातला. तोवर सोपानराव चहा घ्यायचे. पैशाचं नाव काढलं तर त्यांना राग यायचा.

आमच्या तिसऱ्या कोपऱ्याची गोष्ट सांगायलाच हवी. दोन घरांमधली ती भिंत म्हणजे विटेचा नुसता पापुद्रा. सोपानरावांना ते ठाऊक नव्हतं. पलीकडे काशीबाईंचं स्वयंपाकघर. त्या नांदेडकडच्या, वयानं माझ्या आईएवढ्या, कुणाला न भिणाऱ्या. त्या भाकरी थापत असताना भिंतीतून काहीतरी चकचकीत, गरगर फिरत बाहेर आलं. त्यांनी लाटणं उचललं आणि त्याच्या तोंडावर हाणलं. इकडे सोपानरावांच्या छातीला धक्का बसला आणि ते पाटावरून खाली आले. साहेबाच्या टोकाला कायमची खोक पडली. सोपानरावांनी पलीकडे जाऊन हात जोडले, तेव्हा काशीबाईंनी विचारलं, की भिंतीतून विंचू निघाला तर समजू शकते, तुमी हे काय पाठवून दिलं.

ते भोक बुजेपर्यंत तीन-चार दिवस गेले. तेवढ्यात आम्हा दोघींची अशी गट्टी जमली, की बुजवूच नका म्हणावं असं मला वाटायला लागलं. दुपारी मी एकटी बसले की भिंतीतून आवाज यायचा, "पोरी, जेवलीस का?"

असे ते सोपानराव. एकटेच राहायचे. सुट्टीच्या दिवशी पहाटे गावी जायचे, रात्रीच्या गाडीनं परतायचे. शेतीवाडी असेल, असं आम्ही धरून चाललो होतो. गावाबद्दल ते बोलत नसत आणि स्वतःच्या घरी कुणाला बोलावत नसत. त्यांच्या खोलीतून मात्र मधूनमधून घरघर यायची. एकट्या माणसाला इतक्या कड्या कशाला, असा प्रश्न काशीबाईंना पडे.

एका संध्याकाळी ते साहेबाला न घेता आले. दारातच उभे राहिले. काशीबाई माझ्याकडेच होत्या. सोपानराव बराच वेळ हवापाण्याचं बोलले आणि मग म्हणाले, की जरा आमच्या घराकडं याल का दोघी, एक काम हाय.

आम्ही गेलो. दार उघडं टाकून ते बाहेरच उभे राहिले. आत एक खाट, एक ट्रंक, चार भांडी. आणि दारापासून निघून कमरेएवढ्या उंचीवरून सगळ्या खोलीभर, तिथून स्वयंपाकघरात, मोरीपर्यंत आणि परत, भिंतीला धरून एक जाड सुती दोर ओवलेला. प्रत्येक कोपऱ्याच्या अलीकडे एक कडी, पलीकडे एक. या कड्या तिरक्या नव्हत्या आणि कुठे पोपडा निघालेला नव्हता.

सोपानराव जमिनीकडे बघत सांगू लागले. बायकोचे डोळे गेले, त्याला दोन वर्षं झाली. आधी डोळे आले, मग बुबुळांवर फुलं पडली, मग काहीच दिसेना. पुण्याच्या डॉक्टरांनीही आता इलाज नाही म्हणून सांगितलं. ती गावीच राहिली. तिथला उंबरा, चूल, विहिरीची वाट तिच्या पायांना पाठ. इकडे परक्या घरात येऊन मी तुमच्या गळ्यात धोंडा होऊन बसू का, म्हणते. दर सुट्टीला ते विचारायला जायचे आणि दर सुट्टीला ती नाही म्हणायची. शेवटी त्यांनी तिला दोराचं सांगितलं. ती म्हणाली, बगू.

"सरळ भितीला हात लावून कुनीबी जातं," ते म्हणाले. "मानूस चुकतं ते कोपऱ्यात. तितंच कडी पक्की पायजे. तिनं समदा भार टाकला तरी उपटली न्हाई पायजे."

काशीबाईंनी कड्यांकडे पाहिलं, मग सोपानरावांकडे. "म्हंजे आमच्या भिंतीवर हात बसवला म्हना की," त्या म्हणाल्या.

सोपानराव ओशाळले आणि व्हय म्हणाले. काशीबाईंनी पदर तोंडाशी नेला. हसायला नेला असेल असं मला आधी वाटलं.

काम असं होतं, की डोळे मिटून दोर धरून कुणीतरी घरभर फिरून बघायचं. सोपानरावांनी स्वतः पुष्कळदा करून पाहिलं होतं, पण कोपरा आला की त्यांचे डोळे आपोआप उघडत. कारखान्यातल्या एका सोबत्याला आणलं, तर तो परेडला निघाल्यासारखा चालला आणि खाटेवर आपटला. शिवाय तो उंच. मग ते माझ्याकडे वळून म्हणाले, "तुमची उंची तिच्याएवढीच हाय, वहिनी."

मी डोळे मिटले. काशीबाईंनी खात्रीसाठी माझ्या डोळ्यांवर पदर बांधला. दारात एव्हाना ब्लॉकमधल्या बायका जमल्या होत्या, त्यांची कुजबुज ऐकू येत होती. मी दोर धरून निघाले. चार पावलं बरं वाटलं, आणि मग भिंत संपली. पुढे काय आहे ते कळेना. खरंच सांगते, उघड्या दाराच्या, ओळखीच्या माणसांच्या त्या खोलीत माझं पाऊल पुढे पडेना. मी सगळा भार दोरावर टाकला. दोर ताणला गेला, कडी हलली नाही. हाताला कडीचं गार लोखंड लागलं आणि त्याच्या पुढे दोर वळलेला लागला. मी वळले.

मोरीपर्यंत जाऊन परत आले. पदर सोडला तेव्हा सोपानराव दारात नव्हते. बाहेर नळावर जाऊन तोंड धूत होते.

पुढच्या सुट्टीला ते तिला घेऊन आले. पारूबाई तिचं नाव. ठेंगणी, ताठ, बोलायला मोकळी. आम्ही चहा घेऊन गेलो, तेव्हा सोपानराव तिचा हात धरून तिला एकेक कडी दाखवत होते. तिनं प्रत्येक कडी चाचपली. स्वयंपाकघरातल्या एका कडीपाशी थांबून म्हणाली, ही जरा वाकडी हाय. सोपानरावांनी वाकून पाहिलं. होती.

पंधरा दिवसांत ती आमच्यातलीच झाली. एकदा दुपारी मी मेथीची जुडी द्यायला गेले, तर पारूबाई खोलीतून स्वयंपाकघरात आली ती सरळ मधून, दोन्ही हातांत घागर घेऊन. दोरावर धुतलेली लुगडी वाळत होती. मी बघतच राहिले. तुम्हाला दोर लागत नाही की काय, असं विचारलं.

ती हसली. दोन दिवसांत घर कळलं म्हणाली. एवढंसं तर घर, शेगडीची ऊब एकीकडे, मोरीचा गारवा दुसरीकडे, चुकायचं कुठं. मग हे सोपानरावांना सांगितलं का, असं मी विचारलं.

"न्हाई," ती म्हणाली. "ते घरात असले की मी दोर धरूनच चालते. त्यास्नी बरं वाटतं."

आम्ही दोघी मेथी निवडत बसलो. मग कारखान्याचा भोंगा झाला, पहिली पाळी सुटली. पारूबाईनं पालेभाजी बाजूला सारली, उठून दोरावरची लुगडी काढली, घडी करून ट्रंकेवर ठेवली. आणि पदर सारखा करून दाराजवळच्या कडीपाशी दोर धरून उभी राहिली.