न रागावता वापरायचा रस्ता

तर मुलांनो, एका जंगलात एक नगरपालिका होती. हो, जंगलातच. हसताय काय? तुमच्याकडे आहे ना? मग जंगलानं काय घोडं मारलंय?

या नगरपालिकेचे अध्यक्ष होते गवासाहेब. गवा माहितीये ना? रेड्याला जिममध्ये घातलं की जे होतं, ते. स्वभावानं गरीब, पण फोटोचा भयंकर नाद. माकड कॅमेरा घेऊन कायम मागे.

आणि टेकाडाच्या पायथ्याशी, एका बिळात, राहायच्या यमुताई साळिंदर. सोबत दोन पिल्लं. एवढीएवढीशी, काटे अजून मऊ, दूध पिणारी.

एके दिवशी सकाळी यमुताई कंद उकरायला गेल्या. दुपारी परत येऊन बघतात तर काय, घरासमोर भिंत! दगडी, चांगली उंच. पलीकडे बीळ, अलीकडे यमुताई. भिंतीत मध्येच दोन दगडांमध्ये एक बोळ सोडलेला. भिंतीला लागून लांबच लांब लाल मातीची पट्टी. त्यावर पाटी : ‘हरणांसाठी जॉगिंग ट्रॅक’.

आता हरणं दिवसभर जीव मुठीत धरून पळतच असतात. त्यांना वेगळा ट्रॅक कशाला? पण हे कुणी विचारलंच नाही. वाघानं तर जाहीर पाठिंबा दिला होता.

यमुताईंच्या डोक्यात अशी तिडीक गेली! आणि इथेच घोळ झाला. कारण साळिंदराचं काय असतं, शांत असलं की काटे अंगाला चिकटून बसतात. राग आला की सगळे ताठ उभे, आणि साळिंदर झालं दुप्पट रुंद. यमुताई बोळात शिरायला गेल्या आणि दाराशीच अडकल्या. आतून पिल्लं रडायला लागली. तशा यमुताई अजून चिडल्या. तशा अजून रुंद झाल्या.

शेवटी त्या बाजूला बसल्या. डोळे मिटले. रताळ्याचा विचार केला. भाजलेल्या, मऊ, गोड रताळ्याचा. बऱ्याच वेळानं एकेक काटा खाली बसला आणि त्या कशाबशा आत गेल्या.

पिल्लांना पाजून झाल्यावर त्या तडक निघाल्या नगरपालिकेत. (बाहेर पडताना पुन्हा रताळं.) तिथे जांभळाखाली इंजिनियर मुंगूसराव पान खात बसले होते.

“अहो, माझा रस्ता बंद केलात तुम्ही!”

“बंद नाही ताई. सुटसुटीत केलाय.”

“मी मावत नाही त्यातून!”

“असं कसं? मी स्वतः ट्रायल घेतली. जाताना आरामात गेलो, येताना तर पळत आलो.”

“तुम्ही मुंगूस आहात!”

“हे बघा ताई, जातीवर जाऊ नका,” मुंगूसराव दुखावले. “आज तुम्ही आत गेलात ना शेवटी?”

“गेले! तासभर रताळ्याचा विचार केल्यावर!”

“मग झालं की! म्हणजे रस्ता आहे. फक्त रागावून वापरायचा नाही.”

“आणि हरकती का नाही मागवल्या?”

“मागवल्या की. नोटीस लावली होती सावरीच्या झाडाच्या शेंड्यावर. घारीनं वाचली. तिची काही हरकत नव्हती.”

हे ऐकून यमुताई इतक्या रुंद झाल्या की जांभळाखालून बाहेर पडताना मुंगूसरावांचा पानाचा डबा काट्याला अडकून गेला.

शेजारच्या घोरपडकाकू मात्र भारी अनुभवी. त्यांच्या बिळावरून नगरपालिकेची गटारं गेलेली, त्यामुळे त्यांना सगळे कायदे पाठ.

“अगं, हरकत टाक,” काकू म्हणाल्या. “स्थळपाहणी माग. ती द्यावीच लागते. कमिटी येईल, गवासाहेब येतील. तुला त्यांच्यासमोर बोळातून जायला सांगतील. तेव्हा काय करायचं?”

“शांत राहायचं?”

“वेडी आहेस का! शांत राहिलीस की गेलीस आत. आत गेलीस की गेली केस. त्या दिवशी असं चिडायचं, असं चिडायचं, की भिंतीला घाम फुटला पाहिजे!”

यमुताईंनी हरकत टाकली. आणि खरंच, ठरल्या दिवशी सगळी कमिटी आली. गवासाहेब पुढे, मुंगूसराव बाजूला, माकड मागे. ट्रॅकवर हरणं उभी राहून बघत होती. पळत एकही नव्हतं.

“हां, जा बघू ताई,” गवासाहेब म्हणाले.

यमुताईंनी मुंगूसरावांचा चेहरा नीट न्याहाळला. तेवढं पुरलं. फण्ण! सगळे काटे उभे. बोळाच्या तोंडाशी त्या उभ्या राहिल्या तर नुसता काटेरी गोळा. काटे दगडावर खरखरत होते, पण ताई काही आत जाईनात.

“अरे, खरंच मावत नाहीये रे ही,” गवासाहेब म्हणाले.

“साहेब, राग ही त्यांची वैयक्तिक बाब आहे,” मुंगूसराव म्हणाले. “नगरपालिका रस्ता देते. स्वभाव देत नाही.”

“पण बाई रोज चिडली तर रोज बाहेर राहायची का? लहान पोरं आहेत तिची.” गवासाहेबांना जरा वाईट वाटायला लागलं होतं. ते म्हणाले, “मला वाटतं, हा बोळ थोडा—”

आणि नेमकं तेव्हाच आतून धाकटं पिल्लू रडलं. भुकेनं. बारीक आवाजात.

काय सांगू मुलांनो! यमुताईंना मुंगूस आठवेना, भिंत आठवेना, काकूंनी घोटून घेतलेलं काही म्हणजे काही आठवेना. काटे आपोआप सपाट झाले आणि त्या सुळ्ळकन आत. पिल्लू लगेच गप्प. बाहेर मात्र टाळ्या.

“बघा साहेब!” मुंगूसराव नाचायला लागले. “मावतात! हरकत निकाली!”

“कपाळ माझं,” घोरपडकाकू म्हणाल्या.

आत यमुताई पिल्लांना पोटाशी घेऊन बसल्या. आता जन्मभर हे असंच. बाहेर काही झालं, कुणी टोचून बोललं, तरी चिडायचं नाही. चिडलं तर पोरं उपाशी.

पण गवासाहेब खूश झाले होते. “वा वा! आई आणि बाळं! एक फोटो होऊन जाऊ दे!” असं म्हणत त्यांनी बोळात डोकं घातलं. शिंगं तिरकी करून घातलं. मग शिंगं सरळ झाली.

मग डोकं बाहेर येईना.

“ओढा!” ते ओरडले. कमिटीनं शेपूट धरून ओढलं. माकडानं तो फोटो काढला. गवासाहेब लाल झाले, फुसफुसायला लागले, मान अजून फुगली.

“साहेब,” यमुताई आतून अगदी मायेनं म्हणाल्या, “चिडू नका. चिडलं नाही की मावतं. रताळ्याचा विचार करा.”

“भिंत पाडा!” गवासाहेबांनी हंबरडा फोडला.

तर मुलांनो, तुम्हाला एक सांगायचं राहिलंच. या नगरपालिकेत अध्यक्षांनी नुसतं बोलून काही मंजूर होत नसे. बोलायला काय, ते भाषणात काहीही बोलत. मंजुरी म्हणजे मान हलवायची. आणि ती कुणीतरी बघायची. आता कमिटीच्या बाजूला होती साहेबांची शेपूट. मान आत.

मुंगूसराव टाचा उंच करून भिंतीपलीकडे ओरडले, “अहो ताई! साहेबांची मान हलली का?”

यमुताईंनी साहेबांकडे पाहिलं. बिचारे डोळे फिरवत होते. मान तसूभर हलत होती, हलत नव्हती, असं काहीतरी.

“थांबा,” त्या म्हणाल्या, “पोरांना पाजतेय.”

“ताई, साहेब गुदमरतायत!”

“हो का? बरं, किती भिंत पाडायचा ठराव आहे?”

“दोन दगड!”

“नाही हो. नाही हलली.”

बाहेर कुजबुज झाली. “बोळाच्या आजूबाजूची!”

“अंहं.”

गवासाहेब आतल्या आत पुटपुटले, “अरे, सगळी म्हणा ना... सगळी.”

“सगळी भिंत!” बाहेरून मुंगूसराव रडवेल्या आवाजात ओरडले.

“हलली!” यमुताई म्हणाल्या. “काय सुरेख हलली!”

संध्याकाळच्या आत भिंत भुईसपाट झाली. हरणं आपापल्या जागी जाऊन जीव मुठीत धरून पळायला लागली. यमुताई मनसोक्त चिडून घरात शिरल्या, पुन्हा बाहेर आल्या, पुन्हा शिरल्या. दोन्ही बाजूंना जागा उरत होती.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या दारासमोर भलामोठा बॅनर लागला. गवासाहेबांचा हसरा फोटो, कोपऱ्यात मुंगूसरावांचा छोटा, आणि खाली अक्षरं : ‘माननीय अध्यक्षांच्या अथक प्रयत्नांतून नागरिकांसाठी रस्ता खुला!’

“खोटारडे कुठले!” घोरपडकाकू भडकल्या. “फाडून टाक तो!”

यमुताईंनी बॅनर दोनदा वाचला.

“राहू दे काकू,” त्या म्हणाल्या. “प्रयत्न तर त्यांनी खरंच केले. मी समोरच होते.”

तात्पर्य : अन्याय झाला तर रागावू नका, हरकत टाकू नका, कायदाही दाखवू नका. साहेबांना प्रेमानं घरी बोलवा. दार मात्र लहान ठेवा.