पत्त्यांचा ग्लास

सोमवारी दुपारी वाटूरचे मामा गेले. दुकानाचं शटर कोणीतरी खाली ओढलं.

फाट्यावर त्यांचं रेडिएटर दुरुस्तीचं दुकान होतं. तापलेल्या ट्रॅक्टरकडे मामा ज्या मायेनं बघत, त्या मायेनं पाहुण्यांकडे बघितल्याचं मला आठवत नाही. माणसांचं निदानही त्याच विद्येनं होई. माझे वडील चिडके. मामा म्हणत, "दाजींना पत्त्याच न्हाईत. उष्णता निघंल कुठून?"

पत्त्या म्हणजे रेडिएटरमधल्या धातूच्या पातळ पट्ट्या. त्यांच्यामधून हवा जाते आणि पाणी निवतं. हा नियम मामांनी सगळीकडे लावला. घरातल्या इन्व्हर्टरला त्यांनी पत्त्या ठोकल्या. माझ्या लग्नात खुर्च्या दाटीनं मांडलेल्या बघून स्वतः लांब लांब केल्या. मी शाळेत शिकवतो म्हणून मला म्हणाले, "गर्दी केली की हवा आत येत न्हाई, मास्तर." अर्धे वऱ्हाडी मांडवाबाहेर उन्हात बसले, आत हवा मात्र बराबर खेळली.

शेवटची काही वर्षं ते मामीच्या चहाच्या ग्लासामागे लागले. ॲल्युमिनियमचा ग्लास, त्याला बाहेरून उभ्या पत्त्या. पहिला इतका जड झाला की मामीला दोन्ही हात लागायचे. मग वजन घटवणं सुरू झालं. दुसरा कानशीनं घासून असा हलका केला की पंखा लावला की रिकामा ग्लास ओट्यावरून पळायचा. तिसरा जमला. तेव्हापासून मामीचा चहा फक्त त्यातच. चहा ओतला की मामा ग्लासाला बोट लावून थांबत, आणि नंतरच तिच्या हाती देत. संशोधकाची ऐट म्हणून आम्ही हसायचो. मामी म्हणायची, "गरम चहा कसा लागतो ते इसरून गेले मी."

मामांच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी शेजारणीनं मामीला स्टीलच्या ग्लासात चहा दिला. मामी तो मुठीत धरून बोलत राहिली. माझ्या हातातला तसलाच ग्लास मला धरवत नव्हता. मी तिचा काढून घेतला. तिची बोटं लाल झाली होती.

"साखरेनं बोटं मेलीत रे माझी," ती हळूच म्हणाली. "चटका कळतच न्हाई. कोणाला सांगू नका म्हणले होते मी त्यांना. मंग त्यांनी हे येड घेतलं डोक्यात."

मामांनी केलेला ग्लास ओट्यावर आहे. त्याची एक पत्ती निघाली आहे. फाट्यावर रेडिएटरचं दुसरं दुकान आहे. तिथे ग्लासाला पत्त्या लावत नाहीत.