रबरात जीव हाय अजून

आमच्या शेजारचे माणिकअण्णा रबर चावून बघतात. गाडीच्या इंजिनातलं एखादं कडं, वायसर, नाहीतर नळीचा तुकडा हाती लागला की आधी लुंगीला पुसायचा, मग दाढेखाली धरायचा आणि डोळे मिटायचे. लोक आंबासुद्धा इतकं मन लावून खात नाहीत. जरा वेळानं डोळे उघडून निकाल सांगणार, "रबरात जीव हाय अजून." आजवर एकाही रबराला त्यांनी मेलं म्हटलेलं मी ऐकलं नाही.

भालकीत आमची घरं भिंतीला भिंत लावून आहेत. माझं शिलाई मशीन खिडकीशी आणि खिडकी नेमकी अण्णांच्या अंगणात उघडते, त्यामुळं ब्लाउजला काज करता करता त्यांचा सगळा कारभार मला फुकटात दिसतो. अंगणात पत्र्याच्या शेडखाली त्यांची जुनी पांढरी मोटार. अण्णांची सगळी नोकरी साखर कारखान्याच्या स्टोअरमध्ये गेली. जुना माल परत केल्याशिवाय नवा द्यायचा नाही, असा तिथला नियम. अण्णा रिटायर झाले, नियम काही झाला नाही. गाडीतून निघालेलं प्रत्येक रबर ते गरम पाण्यात उकडतात, त्याला एरंडेल चोळतात आणि परत तिथंच बसवतात. अगदीच फाटलं तर चपलेच्या तळव्याचं कापून घालतात. गल्लीत कुणाची स्लिपर हरवली तर कुत्र्याआधी अण्णांच्या अंगणात बघायची पद्धत आहे.

एकदा त्यांच्या मंडळींचा, कलावैनींचा, कुकर काही केल्या शिट्टी देईना. उघडून बघतात तर आतलं रबर भलतंच, काळं आणि कडक, आणि डाळीला ऑइलचा वास. कुकरचं खरं रबर गाडीच्या हवा गाळायच्या डब्याला बसवलेलं, अगदी मापात! वैनींनी डाळ-तांदूळ आणून गाडीच्या बॉनेटवर ठेवले आणि म्हणाल्या, "रबर जिथं हाय तिथंच शिजवून खावा." मी त्याच दिवशी माझ्या कुकरचं रबर पिठाच्या डब्यात लपवलं. अण्णा चहाला आले की त्यांची नजर आधी शेगडीकडं जाते, हे मला ठाऊक होतं.

हा त्यांचा मंत्र माणसांनाही लागू होतो. आमच्या गल्लीतले एक गुरुजी निवृत्त झाले तेव्हा सत्काराला लोक दोन शब्द बोलत होते. अण्णा उठले, गुरुजींचं मनगट दाबून बघितलं आणि माईकवर म्हणाले, "रबरात जीव हाय अजून." बसले. टाळ्या सगळ्यात जास्त त्यांनाच पडल्या. बरं झालं, चावून नाही बघितलं.

पण या रबरापायीच अण्णांची अक्का रुसली.

अक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण, औरादला दिलेली. अण्णांची आई लवकर गेली, तेव्हा ह्या बहिणीनंच त्यांना कडेवर घेऊन वाढवलं. आमच्याकडं श्रावणातली नागपंचमी म्हणजे लेकीबाळींनी माहेरी यायचा सण. दर पंचमीला अण्णा गाडी घेऊन औरादला जायचे आणि अक्काला पुढच्या सीटवर बसवून आणायचे. चार वर्षांमागं येताना रस्त्यात रेडिएटरची नळी फुटली. उकडलेली, एरंडेल पाजलेली, वरून सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळलेली, अण्णांची लाडकी नळी. भस्सकन वाफ आली. अक्का नवं लुगडं नेसून, मांडीवर लाडवांचा डबा घेऊन, रस्त्याकडंच्या दगडावर दोन प्रहर बसली. शेवटी शेळ्यांच्या टेम्पोत जागा मिळाली. गल्लीत उतरली तेव्हा लुगड्याचा पदर शेळीनं खाल्लेला, आणि लाडूही.

अक्का माहेरचं पाणी न पिता अण्णांना म्हणाली, "माणिक, माणसापरीस तुला रबर मोठं झालं. आता तुझ्या गाडीत बसणार न्हाई." आणि खरंच, त्यानंतर पंचमीला आलीच नाही. गुडघ्यांमुळं तिला बसची पायरी चढवत नाही. भाड्याची गाडी पाठवा, मी एकदा सुचवलं. अण्णांनी माझ्याकडं असं बघितलं, जणू मी त्यांचा काका गेल्याची खबर आणलीय. "भाऊ जिवंत असताना अक्का भाड्याच्या गाडीत माहेरी यील व्हय?" असं म्हणून ते शेडमध्ये गेले. त्या पंचमीला त्यांनी लाडवाला हात लावला नाही, हे कलावैनींनी मला सांगितलं. मला फार वाईट वाटलं.

यंदा उन्हाळ्यात त्यांनी इंजिनच खोललं. अंगणभर सतरंज्या आणि सतरंज्यांवर गाडीचे अवयव. गल्लीतला मेकॅनिक येता-जाता सांगायचा, अण्णा, हे रबर सगळं बदला. अण्णा त्याला ऐकवायचे की बदलणं कुणालाही येतंय, टिकवायला अक्कल लागते. मी खिडकीतून ऐकायची आणि मनात म्हणायची, झालं, ह्याही पंचमीला अक्का येत नाही.

मग एका दुपारी मी कढीपत्ता मागायला म्हणून मागच्या दारानं गेले. अण्णा शेडमध्ये पाठमोरे बसलेले. शेजारी खोक्यातून काढलेली करकरीत नवी रबरं, नळ्या, कडी, सील, सगळी चकाकणारी. आणि अण्णा एकेक उचलून त्याला चुलीतली राख आणि जुनं ऑइल चोळत होते. नव्या नवरीला काजळी फासावी तसं चाललेलं. मला बघून गोणपाट ओढलं, पण वास कुठं झाकतो?

"अण्णा, काय करायलाव हे?"

राख चोळता चोळताच त्यांनी खालमानेनं कबूल केलं. लातूरला जाऊन गुपचूप आणलं होतं सगळं. जुनं एकही परत घालणार नव्हते. मेकॅनिकला कळू देऊ नका म्हणाले, जन्मभर बोलल्याची इज्जत जाईल.

"पण जुन्यात तर जीव होता न्हवं?" मी मुद्दाम विचारलं. सोडते होय!

"मी एकटा बसणार असलो तर हाय की जीव," अण्णा म्हणाले. "अक्का बसणार हाय, बाई."

मी कढीपत्ता न घेताच परत आले. डोळे पुसले आणि उलटा काज शिवून ठेवला.

पंचमीच्या आदल्या दिवशी अण्णा औरादला गेले. काय बोलले, कसं मनवलं, देव जाणे. संध्याकाळी गल्लीच्या तोंडाला हॉर्न वाजला आणि पुढच्या सीटवर अक्का! पदर शाबूत. उतरल्यावर तिनं बॉनेट उघडायला लावलं, वाकून बघितलं. सगळं काळं, राखेनं माखलेलं. "जुनंच ठेवलास की रे," ती म्हणाली. अण्णा "व्हय" म्हणाले. मेकॅनिक तिथंच उभा होता, म्हणून मीही गप्प बसले. अक्कानं एका नळीवर बोट ओढलं, खालचं चकचकीत रबर बघितलं, बोट पदराला पुसलं आणि आत जाऊन पाणी मागितलं.

पंचमी झाली. झोका झाला, लाडू झाले. चार दिवसांनी अक्कानं पिशवी भरली, तर गाडी चालू होईना. अण्णा बॉनेटमध्ये डोकं घालून बाहेर आले आणि चेहरा पाडून सांगायला लागले की पेट्रोलच्या नळीतलं एक बारकं रबर गेलंय, असलं रबर इथं मिळत नाही, लातूरलाही न्हाई, हैदराबादहून मागवावं लागंल, आता कधी येतंय काय की. मी पायरीवर लसूण सोलत होते. अण्णा हात हलवून हलवून अडचण समजावत होते आणि मला त्यांच्या हाताची करंगळी दिसत होती. करंगळीत अंगठीसारखं बसलेलं काळं, नवं, गोल रबर. काढताना तिथं अडकवलं असणार आणि विसरले.

मी ओठ दाबून अक्काकडं बघितलं. ती तिथंच बघत होती.

अक्कानं पिशवी खाली ठेवली. त्यातलं लुगडं काढून परत खुंटीला टांगलं. मग माझ्याशेजारी येऊन बसली, एक लसणाचा गड्डा उचलला आणि अण्णांना म्हणाली, "माणिक, हात धुताना करंगळीतलं तेवढं काढून नीट ठेव. दसरा झाल्यावर लागंल."