दोन बोटं जास्त

ऑर्व्हिलकाकांच्या कोठारातून प्रवासात राहायचा ट्रेलर बाहेर काढायचा होता, आणि तो दारापेक्षा चार बोटं उंच भरत होता. चाकांतली हवा काढल्यावर दोन बोटांवर आलं. पुढे काही केल्या सरकेना.

ऑक्टोबरात तो आत आला तेव्हा मोडक्या स्प्रिंगांवर बसका झालेला एक सांगाडा होता. मारितचे बाबा हॅल्वर आणि ऑर्व्हिलकाका या दोघांनी मिनेसोटाचा अख्खा हिवाळा शेगडी पेटवून त्याच्यावर काढला. नव्या स्प्रिंगा आल्या, नवी चाकं आली, आणि नाताळच्या आधी छपरावर हवेचा झरोका बसला. बाकी सगळं दुकानातून आणलेलं. हा झरोका तेवढा बाबांनी स्वतः पत्रा कापून, ठोकून घडवला होता. मार्चमध्ये बाबा गेले. आता बर्फ वितळून शेतं पेरणीजोगी वाळत आली होती आणि काकांचं पेरणीयंत्र ट्रेलरच्या मागे अडकून बसलं होतं.

जो येई तो एकच सुचवी: झरोका काढा, चार स्क्रूंचं तर काम आहे. मारित म्हणायची, "राहू दे तो." का, ते कुणी विचारलं नाही. त्या गावात असले प्रश्न विचारत नाहीत.

मग काकांना सुचलं की आत वजन भरलं तर स्प्रिंगा दबतील. वाळूची पोती भरायची, तर बाबांनी गुळगुळीत केलेली लाकडी जमीन ओरखडणार. माणसं मात्र मोजे घालून बसू शकतात. आता प्रश्न आला बोलावण्याचा. तुमचं वजन उपयोगी पडेल म्हणून या, असं तिथे कुणाला सांगणं म्हणजे गाव सोडण्याची तयारी. मारितने फोनवर सगळ्यांना एवढंच सांगितलं की ट्रेलर तयार झाला आहे, बघायला या, आतच कॉफी घेऊ.

पाचजण आले. मारितच्या आईच्या शेजारी बाकांवर दाटीवाटीने बसले. बर्निस टॉर्कल्सनबाई दाराजवळ बसल्या, तेव्हा ट्रेलरने सुस्कारा टाकला आणि झरोका चौकटीखाली आला. बाईंनी कपातून घोट घेत डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, आणि शांतपणे म्हणाल्या, "मारित, माणसं अगदी पारखून बोलावलीस हो."

काकांनी बाहेरून पिकअपने ट्रेलर हळूहळू ओढायला सुरुवात केली. सगळं सुरळीत चाललं होतं, पण तेवढ्यात कोठाराच्या मागच्या छोट्या दाराने म्हातारे लुंडआजोबा काठी टेकत आत आले, नुसते बघायला. आजोबा उभे आणि आपण बसलेल्या, हे बर्निसबाईंना कसं सोसावं? त्या चालत्या ट्रेलरमधून खाली उतरल्या आणि म्हणाल्या, तुम्ही बसा. आजोबा म्हणाले, नको नको. बसा हो. छे, मी उभा बरा. तिसऱ्यांदा आग्रह झाला की बसायचं, अशी तिथली रीतच आहे, आणि आजोबा बसणारही होते. पण दुसऱ्या आणि तिसऱ्या आग्रहाच्या मध्ये ट्रेलर पुढे सरकला, त्याचं दार कोठाराच्या भिंतीआड गेलं, आणि हलका झालेला ट्रेलर वर उचलला जाऊन झरोक्यासकट चौकटीत गच्च बसला.

ट्रेलरमध्ये आई धरून पाचजण, बाहेर पडायला वाट नाही. लुंडआजोबांनी खिशातून स्क्रूड्रायव्हर काढून मारितपुढे धरला. आतल्या माणसांकडे बघून तिचा हात पुढे झाला आणि तसाच थांबला.

"थोडा वेळ द्या मला," ती म्हणाली.

तो थोडा वेळ गावाला पुरेसा होता. आत माणसं अडकली आहेत ही बातमी घरोघर गेली. कुणावर काही ओढवलं की त्या गावाला एकच सुचतं. खिमा, सूप आणि वर बटाट्याच्या गोळ्या, असं भट्टीतलं हॉटडिश जाड काचेच्या भांड्यात भरून नेऊन द्यायचं. बाबा गेले तेव्हाही मारितच्या ओट्यावर जागा उरली नव्हती. आता खिडकीतून भांडी आत जाऊ लागली. आतले म्हणाले, कशाला एवढं केलंत. बाहेरचे म्हणाले, घरात होतंच. नको, नको, बरं द्या, असं करत मांड्यांवर, कपाटात, पलंगावर भांडी रचली गेली. आतले खात होते, पण त्याने वजनात फरक पडत नव्हता. भांड्यातलं पोटात, एवढंच.

चर्चच्या पाळकबाईंचं भांडं आत गेलं आणि वर पत्रा करकरत चौकटीतून सुटला. काकांनी पिकअप रेटली. ट्रेलर उन्हात आला. झरोक्याला ओरखडासुद्धा नव्हता.

मारित चाकाशीच खाली बसली. कुणी तिच्याकडे पाहिलं नाही. सगळे भांडी कुणाची कोणती ते ठरवण्यात गुंतले. काका तेवढे तिच्याजवळ येऊन उभे राहिले. आईही खाली उतरली.

"एक बोलायचं राहिलंय," काका टोपीशी चाळा करत म्हणाले. "झरोका बसला त्याच दिवशी माझ्या ध्यानात आलं होतं, की हा आता दारातून निघत नाही. पण हॅल्वर शीळ घालत होता. म्हटलं, कळेल त्याचं त्याला."

"त्याला त्याच संध्याकाळी कळलं होतं," आई म्हणाली. "मला म्हणाला, ऑर्व्हिलला सांगू नकोस. त्याच्या कोठाराचं दार बुटकं आहे, उगाच ओशाळेल."

काकांनी वळून ट्रेलरच्या आत पाहिलं.

"नंतर आम्ही आतल्या कपाटाचा रंग खरवडून पुन्हा दिला," ते म्हणाले. "दोनदा. पडदेसुद्धा उसवून परत शिवले. काम झालं म्हणायची मला हिंमत नव्हती, आणि तोही म्हणेना. मला वाटायचं, हॅल्वर भारी चोखंदळ आहे."

"आणि तो रोज घरी येऊन म्हणायचा," आई म्हणाली, "की ऑर्व्हिलच्या पसंतीला काही उतरतच नाही."