चांगुणाआत्यांची तीस गुंठे झाडी

आमच्या घरमालकीण चांगुणाआत्या रोज सकाळी सात वाजता एक फोन लावतात आणि पलीकडच्या माणसाला विचारतात, "हायत ना सगली?"

सगळी म्हणजे झाडं. पनवेलच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याशी आत्यांनी तीस गुंठे झाडी विकत घेतली आहे. पलीकडचा माणूस म्हणजे तिथल्या वाडीत राहणारा लक्ष्मण. तो त्या रानाची राखण करतो. तो बिचारा अंथरुणातूनच "हायत" म्हणतो, पण आत्यांना ते आवाजावरून ओळखू येतं. "तू निजूनच बोलतंस. उठ, जाऊन बघ. मी फोन धरून बसतंय." मग लक्ष्मण उठतो, रानापर्यंत चालत जातो, आणि तेवढा वेळ आत्या करावे गावातल्या आपल्या ओटीवर फोन कानाला लावून गप्प बसलेल्या असतात. झाडं जागेवर आहेत असं कळलं की चहा पितात.

मी त्यांच्या घरात तिसऱ्या मजल्यावर आठ वर्षं भाड्याने राहतो. नोकरी तुर्भ्याला, एका शीतगृहात. पण मला चष्मा आहे, त्यामुळे आत्यांनी पहिल्याच दिवशी मला मास्तर ठरवलं. मीही दोन-तीनदा खुलासा करून पाहिला आणि सोडून दिला.

आत्यांनी चाळीस वर्षं मासळी विकली. झाड ह्या वस्तूशी त्यांचा संबंध दारातल्या शेवग्यापुरता. मग हे रान कशाला, असा प्रश्न सगळ्या गावाला पडला. त्यांचा मुलगा प्रवीण रेती-सिमेंटचा पुरवठादार आहे. तळोज्याला एक गाळा घ्यावा असं त्याच्या मनात होतं. "आई, निदान तिथं फार्महाऊस तरी बांधू," तो म्हणाला. आत्या म्हणाल्या, "बांधायचं असतं त हितं काय कमी बांधलंय?"

खरेदीच्या दिवशी तर मोठाच घोळ झाला. विकणारा माणूस भला होता. सह्या व्हायच्या आधी तो म्हणाला, "आत्या, काळजी करू नका, झाडं साफ करून स्वच्छ प्लॉट ताब्यात देतो. त्याचे वेगळे घेणार नाही." आत्यांनी अंगठ्याची शाई तशीच लुगड्याला पुसली आणि उठून उभ्या राहिल्या. झाडं गेल्यावर त्यात घेण्यासारखं राहतं काय, हे त्यांना कळेना, आणि झाडं असताना त्यात घेण्यासारखं काय आहे, हे त्याला कळेना. शेवटी एकाही फांदीला हात लावणार नाही, असं त्याने सगळ्यांदेखत कबूल केलं तेव्हा अंगठा उठला.

पण धास्ती काही गेली नाही. तिला कारणही आहे. आज जिथे जिम आणि पाळणाघर आहे, तिथे आत्यांच्या वडिलांचं भाताचं शेत होतं. जिथे त्यांच्या घरची होडी लागायची, तिथून आता सहापदरी रस्ता जातो. "जमीन सकालची असते, दुपारला नसते," त्या म्हणतात. "मी बघितलीय जाताना." अशा बाईने रोज फोन करून झाडांची खुशाली विचारली तर तिला वेडी म्हणायचं धाडस निदान मी तरी करणार नाही.

झाडांची नावं त्यांना येत नव्हती. लक्ष्मण सांगायचा, ऐन, किंजळ, कुंभा, सावर. त्या मान डोलवायच्या आणि विसरायच्या. शेवटी त्यांनी माशांची नावं देऊन आपल्या परीने बारसं उरकलं. उंच, सडपातळ झाड ते वाकटी. बुंध्यावर काटे असलेली सावर ती शिंगाळा. सगळ्यात थोराड ऐन तो जिताडा. एकदा शीतगृहात साहेबांसमोर बसलेलो असताना त्यांचा फोन आला, "मास्तर, वाकटीला वालवी लागलीय." साहेबांनी तो स्पीकरमधून ऐकला. आमच्याकडे वाकटी साठवलेली असते, त्यामुळे पुढचा अर्धा तास मला फार जड गेला.

रविवारी रानात जायचं, आणि न्यायचं मी. प्रवीणला वेळ नसतो. माझी गाडी लहान आणि जुनी, मी हायवेला घाबरणारा, आणि शेजारी आत्या. वाटेत कुठेही धूर दिसला की त्या माझ्या दंडाला धरतात. "मास्तर, ह्यो धूर कुठला?" कारखान्याचं धुरांडं असतं, कुणी टायर जाळत असतं, एकदा तर नुसता भजीचा गाडा होता. पण आत्यांच्या हिशेबी करावे ते पनवेल दिसणारा प्रत्येक धूर हा त्यांच्या रानातला वणवा असतो. खरं सांगायचं तर वर्षभरात ही भीती मलाही लागली. आता मी एकटा असलो तरी धूर दिसला की गाडी हळू करतो.

वणवा मात्र आला नाही. आल्या त्या शेळ्या.

झालं असं की, एका रविवारी आत्या बुंध्यांमधून फिरत होत्या आणि अचानक थांबल्या. म्हणाल्या, "मास्तर, ही सगली म्हातारीच हायत. पोरं कुठं?" मी खाली पाहिलं. खरंच, मोठ्या झाडांच्या तळाशी एकही रोप धड नव्हतं. वाडीतल्या शेळ्या यायच्या आणि उगवलेलं सगळं कोंब असतानाच फस्त करायच्या. लक्ष्मण एका बाजूने हाकलायचा, त्या दुसऱ्या बाजूने शिरायच्या. "ही मेली की मग काय?" आत्या म्हणाल्या. परतीच्या वाटेवर त्यांनी एकही धूर दाखवला नाही, आणि मला ते बरं वाटलं नाही.

पुढच्या रविवारी त्यांनी पोटमाळ्यावरची मासे धरायची जाळी खाली काढायला लावली. ही त्यांच्या नवऱ्याची. नवरा जाऊन नऊ वर्षं झाली. नायलॉनच्या दोऱ्याची, बांबूच्या चपट्या सुईने हाताने विणलेली जाळी. प्रवीणने ती भंगारात द्यायचा विषय दरवर्षी दिवाळीच्या सफाईला काढायचा आणि दरवर्षी आत्यांनी त्याच्याशी चार दिवस अबोला धरायचा, असा प्रघात होता. तीच जाळी त्यांनी रानाच्या भोवती, खोडाखोडाला बांधून, जमिनीला टेकेपर्यंत सोडली. खाडीत मासा अडतो तशी रानात शेळी अडेल, असा साधा विचार. आणि खरोखर शेळ्या अडल्या. दीड महिन्यात कोंबांना चार-चार पानं आली. आत्या एकेका रोपापाशी उकिडव्या बसून बघत राहायच्या. मीही मनातल्या मनात ह्या युक्तीला दाद दिली. पण जाळं काय धरायचं आणि काय सोडायचं हे बघत नाही, हे चाळीस वर्षं मासळीत काढलेल्या बाईच्याही ध्यानात आलं नाही आणि माझ्या तर येणंच शक्य नव्हतं.

मार्चमधल्या एका बुधवारी सातच्या आत लक्ष्मणचाच फोन आला. आत्या जिना चढून वर आल्या. तोंडाचं पाणी पळालेलं. "मास्तर, जाल्यान काय तरी अडकलंय. तो नाव घेत नाय."

मी सुट्टी टाकली. गाडी काढली आणि आम्ही निघालो.

जाळ्यात धामण होती. चांगली माझ्याहून लांब. पलीकडे जायला म्हणून तिने तोंड घातलं असेल, मग ओढाताणीत तीन वेढे बसले होते आणि मधला दोरा अंगात रुतला होता. धामण बिनविषारी असते हे मला पाठ आहे, पण ते पाठांतर तिथे कामाला आलं नाही. मी दहा पावलांवर उभा राहिलो. सापाचं नाव काढलं तरी आत्या एरवी पदर सावरून उठतात, पण आज त्या सरळ तिच्याजवळ गेल्या.

लक्ष्मणने विळा काढला. "तोडतो जालं."

"थांब," आत्या म्हणाल्या.

त्या धामणीकडे बघत नव्हत्या, जाळ्याकडे बघत होत्या. मला वाटलं, आता ह्या नको म्हणतात. आणि नको म्हणाल्या तर मी काय बोलणार होतो, कुणास ठाऊक. लक्ष्मण हळूच म्हणाला, "आत्या, ऊन चढलं की मरंल ती."

"विला नको. तिला लागंल. मास्तर, तुमच्या गाडीन कातर हाय ना?"

गाडीतल्या औषधपेटीत पट्टी कापायची कात्री होती. लक्ष्मणने धामणीच्या तोंडावर ओला टॉवेल टाकून मान धरली. आत्या मातीत बसल्या आणि एकेक दोरा कापायला लागल्या. कापता कापता बोलत होत्या, माझ्याशी की कुणाशी ते कळलं नाही.

"ह्यो तुकडा त्याचा शेवटला. बघा, भोकं सारकी नायत. एक मोठं, एक बारकं. हात थरथरायचे त्याचे. होडी तवा इकली होती, खाडीन मासली नव्हती. तरी रोज विनायचा. मी वरडायचे, कशाला विनतंस, कोनाला धरनार हायस? त बोलायचा, हात थांबला की मना भ्या वाटतंय."

एक दोरा तुटला. मग दुसरा.

"मना तवा काय कललाच नाय. मी हसायचे त्याला."

ह्या बाईच्या फोनची नक्कल करून मी आठ जणांना हसवलेलं होतं.

शेवटचा दोरा सुटला तेव्हा धामण थोडा वेळ तशीच पडून राहिली. मग ती हलली, आणि करवंदीच्या जाळीखाली शिरून दिसेनाशी झाली. आत्यांनी कात्री पदराला पुसून मला परत दिली.

"सगलं जालं उतरवा," त्या म्हणाल्या.

"शेल्या येतील आत्या," लक्ष्मण म्हणाला. "ही सगली रोपं खातील."

आत्यांनी त्या चार-चार पानांच्या रोपांवरून एकदा नजर फिरवली.

"येव दे. खातील थोडी, थोडी राहतील. माज्याशिवाय हितं येतं कोन? येव दे कोनतरी."

आम्ही कामाला लागलो. लक्ष्मण आणि मी दोर कापत पुढे सरकत होतो. आत्या मागून येत होत्या, आणि प्रत्येक गाठ नखाने उकलून सोडवत होत्या. दुपार झाली तरी त्यांच्या पाच-सहा खोडांच्याच गाठी सुटल्या होत्या. मग आम्हीही कात्री आणि विळा खाली ठेवला आणि नखाने गाठी उकलायला बसलो.